एकतिसाव्या दिवसाचं काय?

एमडीच्या बातमीचा साचा आता आपल्या सगळ्यांना पाठ झालाय. छापा पडतो. अमुक किलो माल, तमुक कोटी किंमत. टेबलावर मांडलेल्या पिशव्या आणि मागे उभे असलेले अधिकारी. दोन दिवस चर्चा होते, एखादा राजकीय आरोप होतो, की पुढच्या छाप्याची बातमी हजर. या सगळ्यात एक माणूस मात्र कधीच दिसत नाही. ज्याच्या नाकापर्यंत तो माल पोचणार होता, तो. त्याचं वय तुमच्या-माझ्याएवढंही असू शकतं.

आज त्याच्याबद्दल बोलूया. तेही तो नशा करत असतानाच्या नाही, नशा सोडल्यानंतरच्या दिवसांबद्दल. कारण घोळ तिथे होतो. पोराला महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं, तो अंग धरून परत आला, हसतो-बोलतो, दोन भाकरी जास्त खातो, की घरचे म्हणतात, ‘सुटलं एकदाचं!’ तो स्वतःही तेच म्हणतो आणि मनापासून म्हणतो. पण कोकेनसारख्या नशांवर गेल्या तीस-चाळीस वर्षांत जे संशोधन झालंय, ते सांगतं की खरी परीक्षा साधारण याच सुमारास सुरू होते.

महामार्गावरचं आपलं गाव

आधी एक खुलासा. सिनेमातल्या गाण्यातलं खंडाळा लोणावळ्याशेजारचं, पुणे जिल्ह्यातलं. आपण बोलतोय ते सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याबद्दल. पुण्याहून येताना नीरा नदी ओलांडली की शिरवळ, मग खंडाळा आणि पुढे खंबाटकीचा घाट. सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव याच तालुक्यातलं. गेल्या काही वर्षांत इथे औद्योगिक वसाहती झाल्या, शिफ्टमध्ये काम करणारी, खोल्या करून राहणारी तरुण पोरं आली, हातात दर महिन्याला पगार आला आणि महामार्ग तर रात्रंदिवस वाहतोच आहे.

आता या महामार्गाच्या आजूबाजूच्या बातम्या ओळीने लावून बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यापासून सुरू झालेल्या तपासात १७०० किलोहून जास्त मेफेड्रोन म्हणजे एमडी पकडलं. सांगितलेली किंमत साडेतीन हजार कोटींच्या वर. त्याच तपासाचा एक धागा सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत आला आणि तिथेही शंभर किलोहून जास्त माल सापडला. महिनाभरात, मार्च २०२४ मध्ये, मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत छापा टाकला; १२० किलोहून अधिक एमडी. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे औद्योगिक वसाहतीत सांगली पोलिसांनी एक कारखाना पकडला. जवळपास ३० कोटींचा माल. आणि डिसेंबर २०२५ मध्ये जावळी तालुक्यातल्या सावरी गावात मुंबई पोलिसांनी एमडी बनवण्याचा अड्डा उघडकीला आणला.

यावरून खंडाळ्याच्या पोरांवर कुणी शिक्का मारू नये. सांगायचं एवढंच, की ज्या दोन जिल्ह्यांत आपण राहतो तिथे हा माल बनत होता, आणि आपला तालुका पुण्या-मुंबईच्या बाजारपेठेला जोडणाऱ्या रस्त्यावर बसलाय. ‘हे मोठ्या शहरातल्या श्रीमंत पोरांचं लफडं’ हे वाक्य आता चालणार नाही.

कोकेन महाग, एमडी स्वस्त, दार एकच

कोकेन आपल्याकडे खरंच श्रीमंतांचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्हावा शेवा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या पेर आणि हिरव्या सफरचंदांच्या कंटेनरमध्ये लपवलेलं ५० किलो कोकेन पकडलं. त्याची किंमत सांगितली गेली ५०२ कोटी, म्हणजे किलोला दहा कोटी. इरळीच्या एमडीची पोलिसांनी धरलेली किंमत किलोला साधारण दोन कोटी. कोकेन बाहेरून आणावं लागतं, कारण ते दक्षिण अमेरिकेतल्या कोका झुडपाच्या पानांपासून बनतं. एमडीला झाड लागत नाही. रसायनं, भांडी आणि एखादी शेड एवढ्यावर ते बनतं. म्हणून ते सांगली-साताऱ्यात बनू शकतं आणि म्हणून ते तुमच्या वयाच्या पोराच्या खिशाला परवडू शकतं.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीत कोकेन घेणाऱ्यांची संख्या देशात १० लाख ७० हजारांच्या आसपास होती. एमडी ज्या उत्तेजक गटात मोडतं, त्या अ‍ॅम्फेटामिनसारख्या नशा करणाऱ्यांची संख्या १९ लाख ४० हजार. जवळपास दुप्पट. आणि हे आकडे कुरकुंभच्या आधीचे आहेत.

मेंदूत मात्र दोघं एकाच दारातून शिरतात. म्हणून कोकेन सोडताना काय होतं याचं जे शास्त्र आहे, ते एमडी सोडणाऱ्यालाही बरंच लागू पडतं.

डोपामिन म्हणजे ‘आनंदाचं रसायन’ नाही

रील्सवर ‘डोपामिन डिटॉक्स’ हा शब्द तुम्ही शंभरदा ऐकला असेल. त्यातली डोपामिनची ओळख अर्धवट आहे. डोपामिन मेंदूला सांगतं, ‘हे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेव, पुन्हा मिळव.’ भूक लागल्यावर जेवणाचा वास आला, परीक्षेचा निकाल चांगला लागला, आवडत्या माणसाचा मेसेज आला, की मेंदूतल्या एका पेशीतून डोपामिन सुटतं, शेजारच्या पेशीवरच्या ग्राहकांना जाऊन चिकटतं आणि काम झालं की पहिली पेशी ते परत ओढून घेते. हे परत ओढणारं यंत्र म्हणजे ट्रान्सपोर्टर. पाटाला पाणी सोडायचं, रान भिजलं की बंद करायचं, तसा हा रोजचा व्यवहार.

कोकेन या परत ओढणाऱ्या यंत्राचं तोंड बंद करतं. सुटलेलं डोपामिन तिथेच तुंबून राहतं. एमडी त्याहून पुढे जातं. ते यंत्रातूनच पेशीत शिरतं आणि ते उलटं फिरवतं, त्यामुळे साठवलेलं डोपामिन भसाभस बाहेर येतं. सोबत झोप-मूड सांभाळणारं सेरोटोनिनही. कोकेनची धुंदी तासाभरात ओसरते, एमडीची दोन-तीन तासांत. म्हणून एका रात्रीत पुन्हा पुन्हा ओढलं जातं.

रान सारखं तुंबायला लागलं तर शेतकरी काय करतो? बारं मोडतो, पाण्याची वाट बंद करतो. मेंदूही तेच करतो. डोपामिन पकडणारे ग्राहक कमी करतो. नोरा वोल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कोकेन घेणाऱ्यांच्या मेंदूच्या पेट स्कॅनमध्ये हे दाखवलं. डी-टू नावाचे ग्राहक कमी झालेले होते आणि नशा थांबवून तीन-चार महिने झाले तरी ते पूर्ववत झालेले नव्हते. याच काळात डायनॉर्फिन नावाचं एक रसायन मेंदूत वाढतं. ते डोपामिनला ब्रेक लावतं आणि माणसाला बेचैन, उदास ठेवतं.

याचा रोजच्या जगण्यातला अर्थ समजून घ्या. नशा थांबते तेव्हा पाणीही बंद असतं आणि बारीही मोडलेली असतात. आईच्या हातची आमटी, क्रिकेट, सिनेमा, मैत्रीण. कशातच गंमत वाटत नाही. घरचे म्हणतात, ‘आता सगळं चांगलं चाललंय, मग तोंड का पाडून बसलायस?’ तो तोंड पाडून बसलेला नसतो. त्याच्या मेंदूला त्या दिवसांत साधा आनंद पकडताच येत नसतो.

कॅलेंडर मांडून बघू

१९८६ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठातल्या फ्रँक गॅविन आणि हर्बर्ट क्लेबर या दोन डॉक्टरांनी कोकेन सोडणाऱ्या, पण आपापल्या घरी राहणाऱ्या ३० रुग्णांच्या अनुभवांवरून तीन टप्पे मांडले.

पहिला टप्पा ‘क्रॅश’. काही तासांपासून साधारण चार दिवसांपर्यंत. आधी तगमग, मग गाढ थकवा, भरपूर झोप, प्रचंड भूक. गंमत म्हणजे या टप्प्याच्या शेवटी तलफ जवळजवळ नसतेच. ‘परत हात लावणार नाही’ अशी शपथ याच दिवसांत घेतली जाते.

दुसरा टप्पा खरा विड्रॉअल. एक ते दहा आठवडे. आधी दोन-चार दिवस बरं वाटतं. मग रिकामेपणा, चिडचिड, कशातच मन न लागणं आणि वाढत जाणारी तलफ.

तिसरा टप्पा पुढचे कित्येक महिने. एरवी माणूस ठीक असतो, पण एखादी जागा, एखादा माणूस, एखादा वास आला की तलफ अचानक उसळते.

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दचं, म्हणजे ब्राऊन शुगरचं थैमान होतं तेव्हा तिच्या विड्रॉअलला पोरं ‘टर्की’ म्हणायची. अंग मोडून येणं, उलट्या, जुलाब, बघणाऱ्यालाही कळायचं. कोकेन-एमडीच्या विड्रॉअलमध्ये असं दिसणारं फारसं काही नसतं. ताप नाही, उलट्या नाहीत. म्हणून घरच्यांना ते आजारपण वाटतच नाही. पण त्या काळातली उदासी इतकी खोल जाऊ शकते की जीव नकोसा होतो. तसं बोलणं कानावर आलं तर ‘नाटकं करतोय’ म्हणून सोडू नका. त्या दिवशीच डॉक्टरकडे न्या.

वॉर्डातला महिना फसवतो

आता यातली महत्त्वाची गाठ. १९९० मध्ये बाल्टिमोरला विल्यम वेडिंग्टन आणि सहकाऱ्यांनी कोकेन सोडणाऱ्या बारा पुरुषांना २८ दिवस केंद्रात ठेवून त्यांच्या रोजच्या नोंदी घेतल्या. गॅविन-क्लेबरचे चढउतार तिथे दिसलेच नाहीत. मूड आणि तलफ दोन्हींत दिवसागणिक सरळ सुधारणा.

मग खरं कोणाचं? दोघांचंही. फरक जागेचा होता. घरी राहणाऱ्यांच्या आजूबाजूला नशेची आठवण करून देणारं सगळं होतं. केंद्रात त्यातलं काहीच नव्हतं. म्हणजे केंद्रातला महिना शरीराला, झोपेला, डोक्याला विसावा देतो, ते मोठंच काम आहे. पण तलफ संपली की नाही, हे तो महिना सांगू शकत नाही. पोहायला येतं की नाही हे काठावर बसून कळत नाही, तसंच हे.

आणि मग आलं २००१ सालचं संशोधन. जेफ ग्रिम, याव्हिन शहाम आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये छापलं. उंदरांना एक कळ दाबली की कोकेन मिळतं, हे शिकवलं. कोकेन मिळताना एक खूणही मिळायची. मग कोकेन बंद केलं आणि वेगवेगळ्या गटांना पहिल्या दिवसापासून साठाव्या दिवसापर्यंत वेगवेगळ्या वेळी तपासलं. आपली समजूत अशी की दिवस जातील तशी ओढ कमी होईल. झालं उलटं. खूण दाखवल्यावर कळ दाबण्याची धडपड पहिल्या दिवसापेक्षा महिन्याने जास्त, महिन्यापेक्षा दोन महिन्यांनी आणखी जास्त. कोंबडी अंडं उबवते तशी तलफ आत गुपचूप उबत होती. शास्त्रज्ञांनी तिला नावही तेच दिलं, तलफेचं उबवण.

असं का होतं, याचा एक धागा २००८ मध्ये सापडला. मरिना वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उंदरांच्या मेंदूत न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्स या ठिकाणी एक बदल दिसला. कोकेन थांबवून महिना-दीड महिना झाल्यावर तिथल्या पेशींवर ग्लुटामेट या रसायनाचे वेगळ्याच प्रकारचे, जास्त संवेदनशील ग्राहक येऊन बसलेले होते. ग्लुटामेट म्हणजे आठवणी आणि खुणा पोचवणारा निरोप्या. निरोप तेवढाच, पण ऐकणारा कान जास्त तीक्ष्ण झालेला. साहजिकच जुनी खूण दिसली की आत मोठा आवाज होतो.

‘उंदीर आहेत हो ते,’ असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. म्हणून २०१६ मधला माणसांवरचा अभ्यास बघा. मुहम्मद परवाझ, रिटा गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी ७६ जणांना तपासलं. कुणी कोकेन सोडून दोन दिवस झालेले, कुणी आठवडा, कुणी महिना, कुणी सहा महिने, कुणी वर्ष. डोक्याला इलेक्ट्रोड लावून कोकेनचे फोटो दाखवले आणि मेंदूची विद्युत प्रतिक्रिया मोजली. शिवाय तोंडी विचारलं, ‘तलफ किती आहे?’ तोंडी उत्तर दिवसागणिक खाली येत गेलं. मेंदूची प्रतिक्रिया मात्र आधी वाढत गेली, एक ते सहा महिन्यांच्या दरम्यान शिगेला पोचली आणि वर्षाच्या सुमारास उतरली.

हे दोन आलेख शेजारी ठेवा. महिना संपतो तेव्हा पोरगा म्हणतो, ‘मला आता इच्छाच होत नाही.’ तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटत असतं. त्याच वेळी त्याचा मेंदू खुणेला सगळ्यात जास्त दचकत असतो. आपल्याकडे मुलाला घरी आणतात ते नेमकं याच वेळी.

खुणा कुठे असतात?

समजा, शिरवळच्या एखाद्या कारखान्यात शिफ्टला जाणारा चोवीस वर्षांचा एक जण पुण्यात उपचार घेऊन परत आला. केंद्रात त्याच्या हाती फोन नव्हता, पगार नव्हता, रात्रपाळी नव्हती. इथे पहिल्याच आठवड्यात तिन्ही परत आली. सात तारखेला पगार झाल्याचा मेसेज. रात्रपाळी सुटल्यावर त्याच ढाब्यावर चहा. फोनमध्ये सेव्ह केलेलं एक नाव. त्या काळात गाडीत लागायचं ते गाणं. यातली एकही गोष्ट नशा नाही. पण त्याच्या मेंदूने त्या प्रत्येकीवर ‘आता मिळणार’ असं लिहून ठेवलंय.

ते त्याच्या ताब्यातही नाही. फिलाडेल्फियाच्या अ‍ॅना रोझ चाइल्ड्रेस यांनी २००८ मध्ये कोकेनच्या रुग्णांना नशेची चित्रं फक्त ३३ मिलिसेकंद दाखवली, म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग. चित्र दिसलं हेही त्यांना कळलं नाही. तरी मेंदूतली ओढीची केंद्रं जागी झाली. आता सांगा, ‘मनावर ताबा ठेव’ हा सल्ला कितपत पुरेल?

जागा बदलली तर काय होतं, याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. व्हिएतनाम युद्धात हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी पाठपुरावा केला. सगळे म्हणत होते, हे परत येऊन देश बिघडवणार. प्रत्यक्षात मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले शंभरात पाचच्या आसपासच पुन्हा व्यसनी झाले. बाकी कारणंही होती, पण एक मोठं कारण म्हणजे नशेच्या खुणा हजारो मैल दूर राहिल्या होत्या. आपलं बरोबर उलटं असतं. आपण पोराला खुणांपासून महिनाभर दूर नेतो आणि तलफ उबायला लागली की परत खुणांच्या मधोमध आणून सोडतो.

मग उपाय काय?

कोकेन किंवा एमडीचं व्यसन सोडवणारी कोणतीही मान्यताप्राप्त गोळी आजही नाही. झोप, नैराश्य यांवर डॉक्टर औषधं देतात, ती घ्यायलाच हवीत. पण ‘एका इंजेक्शनमध्ये नशा बंद’ अशी जाहिरात दिसली तर लांब राहा.

ज्याचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे, तो उपाय ऐकायला अगदी साधा आहे. ठरलेल्या दिवशी लघवीची तपासणी करायची आणि ती स्वच्छ आली की लगेच छोटं बक्षीस द्यायचं. अमेरिकेत स्टीफन हिगिन्स यांनी नव्वदच्या दशकात कोकेनच्या रुग्णांवर कूपन देऊन हे करून दाखवलं. ज्या मेंदूला उद्याचा फायदा दिसत नाही, त्याला आजचा छोटा फायदा दाखवायचा. त्याच्यासोबत खुणा ओळखायला आणि टाळायला शिकवणारं समुपदेशन. आणि हे सगळं महिने-महिने.

आपल्याकडे ही समज अगदीच नवी नाही. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केलं, ते गर्दच्या साथीमुळे. तिथे केंद्रातल्या मुक्कामाइतकंच महत्त्व नंतरच्या फॉलोअपला, गटांच्या बैठकांना आणि घरच्यांना सोबत घेण्याला दिलं जातं. आपल्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं ‘परिवर्तन’ आहे. अडचण अशी, की शिफ्ट बुडवून, भाडं खर्चून दर आठवड्याला पुण्याला किंवा साताऱ्याला जाणं पोरांना जमत नाही. पहिला फॉलोअप होतो, दुसरा होतो, तिसरा राहतो. तोवर दोन महिने झालेले असतात, आणि ते कुठले दोन महिने हे आता तुम्हाला माहीत आहे.

म्हणून मागणी करायची तर ही करू. प्रत्येक छाप्यानंतर किती किलो पकडलं हे सांगतात. तालुक्यात किती जण उपचार घेऊन परत आले आणि सहा महिन्यांनी त्यांतले किती फॉलोअपमध्ये टिकले, हेही मोजा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातला एक दिवस, तोही शिफ्टच्या वेळा बघून, फॉलोअपला द्या. औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांनी उपचाराहून परतलेल्या कामगाराला पहिले काही महिने रात्रपाळी देऊ नये आणि फॉलोअपच्या दिवशी सुट्टी द्यावी. यातल्या कशालाही कोटींचा निधी लागत नाही.

पोलिसांची भीती

‘डॉक्टरकडे गेलो तर केस होईल’ या भीतीने पुष्कळ जण जातच नाहीत. कायदा नीट समजून घ्या. मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ पासून एनडीपीएस कायद्याखाली आहे. दोन ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, पन्नास ग्रॅमच्या वर व्यापारी प्रमाण, जिथे शिक्षा किमान दहा वर्षं. पण याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. अट एकच, उपचार पूर्ण करायचे. अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. म्हणजे कायदासुद्धा म्हणतोय, महिन्यावर थांबू नका.

दुसरी गोष्ट. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक विकार हे मानसिक आजारातच मोडतात. म्हणून कुठल्याही केंद्रात दाखल करण्याआधी नोंदणी आहे का, हे विचारा. मारहाण करून, डांबून ठेवून ‘सुधारतो’ म्हणणाऱ्यांकडे कुणाला सोडू नका.

तुमच्या हातात काय आहे?

तुमचा मित्र परत आला असेल तर त्याच्या फोनमधलं ते नाव त्याच्याबरोबर बसून डिलीट करा. पगाराच्या दिवशी संध्याकाळी त्याच्यासोबत राहा. त्याला आवडत असेल तर पैसे घरी सोपवायला मदत करा. भेटायची जागा बदला, दुसऱ्या ढाब्यावर चहा प्या. तलफ लाटेसारखी येते आणि बहुतेक वेळा थोड्या वेळाने ओसरते, तेवढा वेळ फोनवर बोलत राहा. ‘बघू तुझा कंट्रोल’ म्हणून त्याची परीक्षा घेऊ नका. आणि तो एकदा घसरलाच, केंद्रात ज्याला ‘स्लिप’ म्हणतात ती झाली, तर ‘गेलं सगळं पाण्यात’ म्हणू नका. त्याच आठवड्यात त्याला फॉलोअपला घेऊन जा.

नशामुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मन खचलं असेल, जीव नकोसा वाटत असेल तर टेलिमानसचा क्रमांक १४४१६. अमली पदार्थांच्या विक्रीबद्दल कळवायचं असेल तर १९३३. तिन्ही फुकट.

आणि एक काम आजच करा. ज्याच्याबद्दल तुम्ही हा लेख वाचताना विचार करत होता, त्याने नशा सोडली ती तारीख आठवा आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये तिथून दर आठवड्याला एक आठवण लावा. तिसाव्या दिवसापर्यंत त्याला सांभाळायला केंद्र होतं. एकतिसाव्या दिवसापासून वर्षभर ती पाळी आपली आहे.